गाडी अडते कोठे?

पहाटेच्या वेळी अंगणात उभी असलेली मोटार चालू झाली नाही म्हणजे घरातील प्रत्येक माणसाला एकाएकी यंत्रशास्त्राचे ज्ञान प्राप्त होते. कोणी म्हणतो बॅटरी उतरली, कोणी म्हणतो प्लग गेला, कोणी पेट्रोल विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आणि आदल्या दिवशी गाडी ज्याने चालविली असेल त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. गाडी बिचारी मुकी असते. ज्याने ती चालविली त्याला तोंड असते खरे, परंतु त्याचे म्हणणे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत त्या घटकेला कोणी नसतो. दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढण्याची एक साधी, क्रमवार रीत आहे. ती मिस्त्रीलोकांची असली तरी ज्याच्या दारात गाडी आहे, मग ती घरची मोटार असो की वाडीतली भाजी बाजारात नेणारा टेम्पो असो, त्या प्रत्येकाला समजण्याजोगी आहे. ती समजली तर पैसा वाचतोच. पण कधी कधी एखाद्या गरिबाची अब्रूही वाचते. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहितो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सुरतेजवळचे इच्छापोर आहे. हजिऱ्याच्या एका कारखान्यात देखभालीच्या कामावर असताना माझी काही वर्षे त्या गावी गेली. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव वसलेले आहे. एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आणि जडजवाहिरांच्या कारखान्यांचे आवार. हाच रस्ता पुढे बारडोली, व्यारा, नवापूर असा निघून धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर गाठतो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. साहजिकच या रस्त्याने खानदेशातील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेकडे आली, आणि इच्छापोरच्या भाड्याच्या खोल्यांतून मराठी बोल कानी पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

इंधनाविषयी बोलावयाचे तर याहून योग्य ठिकाण सापडणे कठीण. मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात १९७६ साली जे वायुक्षेत्र सापडले त्याला आपल्या वसईचेच नाव मिळाले. तेथील नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळातून दोनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून हजिऱ्याला येतो. त्यात गंधकाचा एक विषारी व धातू खाणारा वायू मिसळलेला असतो. तो हजिऱ्यास काढून टाकला जातो. मग हा शुद्ध झालेला वायू मध्यप्रदेशातील विजयपूर व उत्तरप्रदेशातील जगदीशपूर येथवर जाणाऱ्या नळमार्गाला लागतो. १९८४ साली स्थापन झालेल्या गेल या सरकारी कंपनीने हा मार्ग टाकला; त्याची लांबी सुमारे १७०० किलोमीटर होती. वाटेत कोठेही नळ फुटला, झडप अडकली किंवा दाब उतरला तर दूरच्या खतकारखान्यात काम थांबते. तेथील अभियंते मग काय करतात? ते संपूर्ण नळ उकरीत बसत नाहीत. कोणत्या ठाण्यापर्यंत दाब बरोबर आहे आणि कोणत्या ठाण्यापुढे तो पडला आहे, हे पाहतात. दोष त्या दोहोंच्या मध्ये असला पाहिजे. आपल्या मोटारीत हा सतराशे किलोमीटरांचा मार्ग चार-पाच मीटरांचा होतो एवढाच काय तो फरक. शोधण्याची रीत तीच.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनाला जिवंत होण्यासाठी मुख्यत्वेकरून तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा व इंधन यांचे मिश्रण, ते मिश्रण दाबले जाणे, आणि ऐन वेळी पडणारी ठिणगी. किल्ली फिरविल्यावर नुसतीच 'टक्' असा आवाज होऊन सारे शांत झाले, किंवा इंजिन कण्हत कण्हत अर्धे वळण घेऊन थांबले, तर इंधनाला दोष देण्याचे कारण नाही. तेथे बॅटरी, तिच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार, किंवा मिस्त्रीलोक ज्याला 'सेल्फ' म्हणतात तो स्टार्टर तपासावा. परंतु इंजिन जोमाने फिरते आहे आणि तरीही पेट घेत नाही, असे असेल तर इंधन आणि ठिणगी या दोहोंपैकी एक गैरहजर आहे असे समजावे. किल्लीची खूण ओळखणारे कुलूपयंत्र नव्या गाड्यांत असते. त्याचा लाल दिवा लुकलुकत असेल तर किल्लीच ओळखली गेलेली नाही. तेव्हा प्रथम त्या दिव्याकडेही एकदा पाहून घ्यावे.

इंधनाचा मार्ग असा. मागील आसनाखाली टाकी. टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला, विजेवर चालणारा छोटा पंप. त्याच्या तोंडाला बारीक जाळी. पंपातून पेट्रोल गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, जाते. तेथून लांब नळीने इंजिनाजवळच्या दांड्यात. आणि त्या दांड्यावर बसविलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या इंजेक्टरांतून ते फवाऱ्याच्या रूपाने आत पडते. सामान्य पेट्रोल गाड्यांत या नळीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन ते चार पट असतो. तो निम्मा झाला तरी इंजिन फिरत राहील, पण पेट घेणार नाही.

या मार्गाची पहिली परीक्षा कानाने होते. गाडीची काच वर करून, पंखा व रेडिओ बंद करून, किल्ली अर्धी फिरवावी; स्टार्टर लावू नये. मागच्या आसनाकडे कान दिला म्हणजे भुंग्यासारखा बारीक गुणगुणाट दोन-तीन सेकंद ऐकू येतो आणि थांबतो. तो पंपाचा आवाज. आवाज आला तर पंपापर्यंत वीज पोहोचते आहे आणि पंप फिरतो आहे. दोष पुढे, गाळणीत, दाब राखणाऱ्या झडपेत किंवा इंजेक्टरात शोधावा. आवाज आलाच नाही तर दोष मागे आहे, आणि तेथेही घाई करून पंपावर उडी मारू नये. प्रथम फ्यूज पाहावा. मग रिले. गाडीच्या त्याच डब्यात पुष्कळदा अगदी तशाच जातीचा दुसरा रिले, उदाहरणार्थ भोंग्याचा, असतो. दोघांची अदलाबदल केली की क्षणात उलगडा होतो. मग पंपापाशी जाणाऱ्या तारेच्या जोडावर बारा व्होल्टचा छोटा दिवा लावून वीज येते की नाही ते पाहावे. वीज येत असून पंप मुका असेल, आणि त्याची जमिनीची तारही शाबूत असेल, तरच पंप निकामी म्हणावयाचा. फ्यूजला दहा-वीस रुपये पडतात आणि पंपाला काही हजार. परंतु गाडी अडली की पुष्कळ ठिकाणी प्रथम पंपच बदलला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

जुन्या गाड्यांचे दुखणे निराळे होते. त्यांत कार्बोरेटर असे, आणि पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असे. वैशाखाच्या उन्हात कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना नळीतले पेट्रोल तापून त्याची वाफ होई, आणि पंप वाफ ओढू शकत नसल्याने गाडी मध्येच उभी राही. मग ड्रायव्हर ओले फडके पंपावर व नळीवर गुंडाळून झाडाखाली स्वस्थ बसत. ते आळसाने बसत नसत. वाफेचे पुन्हा पेट्रोल होण्याची वाट पाहत. आज टाकीतच पंप असल्याने आणि नळीत दाब अधिक असल्याने हा प्रकार फारसा आढळत नाही. पण त्या पंपाला बाहेरचा वारा लाभत नाही. त्याला थंड ठेवणारे आणि त्याचे वंगण होणारे द्रव्य म्हणजे टाकीतील पेट्रोलच होय. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी, कारण पुढील हकीकत तिच्यावरच उभी आहे.

गुजरातेत सी.एन.जी.वर चालणाऱ्या गाड्या फार. वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने नळकांड्यात भरलेला हा वायू पेट्रोलहून स्वस्त पडतो, म्हणून भाड्याची गाडी चालविणारा तोच भरतो. परंतु अशा पुष्कळ गाड्या सुरू होतात त्या पेट्रोलवर. इंजिन थोडे तापले की त्या आपोआप वायूवर जातात. मालकाच्या मनाचा हिशेब मात्र असा की, आपण वायूवर चालतो, मग पेट्रोलवर पैसा का घालावा? टाकीत शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकावयाचे आणि काटा सदैव तळाशी ठेवावयाचा. काही गाड्यांत तर वायूवर चालतानाही आतला पंप फिरतच राहतो. पेट्रोलबाहेर उघडा पडलेला तो पंप मग हळूहळू तापतो, झिजतो आणि एके दिवशी मान टाकतो. वायूचे नळकांडे काठोकाठ भरलेले असते आणि गाडी मात्र जागची हालत नाही.

इच्छापोरला आमच्या चाळीत नंदुरबारकडील एक गृहस्थ राहत. त्यांची अशीच एक गाडी होती. पहाटे पाचच्या पाळीचे कामगार हजिऱ्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर नेऊन सोडणे आणि रात्रीची पाळी परत आणणे हा त्यांचा धंदा. घरखर्च, दोन मुलींचे शिक्षण आणि गाडीचा हप्ता एवढा भार त्या चार चाकांवर होता. रात्रीच्या फेरीसाठी त्यांनी गावाकडच्या नात्यातील एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा ठेवला होता. तो त्यांना मामा म्हणे. एका सोमवारी पहाटे गाडी चालू होईना. रस्त्यावर नऊ कामगार खोळंबले, दुसरी गाडी बोलवावी लागली, आणि ठेकेदाराने फोनवरून काम काढून घेण्याची भाषा केली. काटा पाहावा तो अगदी तळाला. शनिवारी दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकले होते. ते गेले कोठे? शेजाऱ्यांपैकी एकाने शंका काढली की पोराने नळी घालून काढले असेल. दुसऱ्याने तिला दुजोरा दिला. पाऊण तासात ती शंका न राहता बातमी झाली. मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "मामा, मी हात लावला नाही." मामांनी त्याला कपडे आवरून दुपारच्या गाडीने गावी जाण्यास सांगितले. अशा कारणाने परतलेल्या पोराला गावात पुन्हा काम मिळणे किती कठीण असते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयास नको.

सुदैवाने मिस्त्री त्याच्या आधी आला. भुसावळकडचा, साठीच्या घरातला, बोलणे थोडे. त्याने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पोराला मग विचारू. आधी गाडीला विचारू." उजेड दाखविण्यासाठी त्याने त्या मुलालाच हाताशी घेतले. त्याने सेल्फ मारून पाहिला. इंजिन जोमाने फिरले. प्लगची ठिणगी पाहिली, ती होती. मग सर्वांना गप्प बसवून त्याने किल्ली अर्धी फिरविली. मागे काहीच गुणगुणले नाही. फ्यूज शाबूत. रिले बदलून पाहिला, तीच शांतता. मागचे आसन उचलून पंपाच्या जोडावर त्याने दिवा लावला, तो लख्ख पेटला. मग त्याने मुलाला किल्ली फिरवावयास सांगून टाकीच्या बुडाशी रबरी हातोड्याने दोन हलके ठोके दिले. क्षणभर घरघर ऐकू आली आणि बंद पडली. मरणोन्मुख पंप असा ठोक्याने कधी कधी अखेरचा फिरतो. तेथे निदान झाले.

पंप बाहेर काढला तेव्हा त्याची जाळी काळपट चिखलाने बुजलेली होती आणि एक बाजू उष्णतेने तपकिरी पडली होती. टाकीच्या तळाशी हातभर नळी घालून काढलेल्या पेट्रोलात पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते. मिस्त्रीने ते बाटलीत घेऊन मामांच्या हाती दिले. मग त्याने पेट्रोलचा हिशेब सांगितला. गाडी एका रात्रीत किती फाटकांवर थांबते? दर ठिकाणी इंजिन बंद करून पुन्हा चालू केले जाते की नाही? थंडीच्या दिवसांत इंजिन तापावयास वेळ लागतो, आणि तोपर्यंत ते पेट्रोलच खाते. दोनशे रुपयांचे पेट्रोल शनिवार-रविवारच्या फेऱ्यांत संपले यात नवल ते काय? आणि काटा तळाशी ठेवण्याची रीत पोराने पाडलेली नव्हती.

मामा बराच वेळ ती बाटली हातात धरून उभे होते. क्षमा वगैरे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. ते त्यांच्या स्वभावात नव्हते. नवा पंप बसवून गाडी चालू झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. किल्ली त्या मुलाच्या हाती देऊन ते एवढेच म्हणाले, "आधी हजार रुपयांचे पेट्रोल टाकून ये. रात्रीची पाळी तुझी आहे." मुलगा गेला. मागे उरलेल्यांपैकी ज्यांनी सकाळी बातमी पसरविली होती, ते एक एक करून आपापल्या कामाला लागले.

टाकीत पाणी आले कोठून, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. अर्ध्याहून अधिक रिकाम्या टाकीत हवा असते आणि दमट हवेतील बाष्प रात्रीच्या गारव्याने आत निथळते. समुद्रकाठच्या गावांना हे विशेष लागू आहे. दुसरे कारण पेट्रोलच्या बदललेल्या घडणीत आहे. २००३ साली काही राज्यांतून पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. ऊस, मका व तांदूळ यांपासून होणारे हे मद्यार्क शेतकऱ्याला गिऱ्हाईक देते आणि परदेशी तेलावरचा खर्च कमी करते, हे खरे. परंतु इथेनॉलला पाण्याची ओढ असते. ते थोडे पाणी आपल्यात सामावून घेते, आणि पाणी एका मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. पंपाची जाळी तळाशीच असते. महिनोन् महिने न हलणाऱ्या गाडीत हा धोका अधिक. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वायसर यांनाही इथेनॉल सोसत नाही. त्या फुगलेल्या किंवा तडकलेल्या दिसल्या तर बदलून घ्याव्यात.

पुराची गोष्ट तर याहून गंभीर. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून तापीत सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. पाण्यात बुडून निघालेली गाडी 'पाहू तरी चालते का' म्हणून कधीही चालू करू नये. टाकीतील पाणी ही त्यातली लहान आपत्ती. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, आणि त्याने आतले दांडे वाकतात. अशी गाडी ओढूनच न्यावी.

शेवटी घरच्या माणसांसाठी काही गोष्टी सांगतो. टाकी एक चतुर्थांशाखाली जाऊ देऊ नये, सी.एन.जी.च्या गाडीसही हा नियम लागू आहे, आणि आठवड्यातून एकदा ती काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी. फिल्टर ठरल्या अंतराने बदलावा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक लावू नये. मध्ये थोडी विश्रांती द्यावी, नाहीतर एका दोषाचे दोन होतात. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर थांबून गळती शोधावी. तपासणीच्या जागी विडी, काडी, उघडा दिवा नको. दाबाखालची नळी स्वतः सोडवू नये. तिच्यातले पेट्रोल तापल्या इंजिनावर उडाले तर घात होतो. आणि नळीला तोंड लावून पेट्रोल ओढण्याची जी सवय आपल्या खेड्यापाड्यांतून आहे ती आजच सोडावी. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला भयंकर इजा होते. असे कोणास झाल्यास त्याला ओकारी करवू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

मिस्त्री आला म्हणजे त्याला आपले निदान सांगू नये. काय ऐकले, काय पाहिले, तेवढेच सांगावे: इंजिन फिरते की नाही, मागे गुणगुण येते की नाही, पेट्रोल शेवटचे केव्हा भरले. आणि तो एखादा भाग बदलावयाचा म्हणाला, तर कोणत्या तपासणीवरून ते ठरले हे विनयाने विचारावे. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. भुसावळच्या त्या वृद्धाने तर न विचारता काढलेला पंप, जाळी आणि ती बाटली आमच्या ओट्यावर मांडून ठेवली होती. चाळीतली मुले संध्याकाळपर्यंत येऊन ती पाहत होती.